शेवटचे दोन रकाने दुसऱ्या पानावर का जातात? उभे पान, आडवे पान आणि छपाईचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक हिशेबाचा १४ रकान्यांचा तक्ता एक्सेलमध्ये आहे. पान आडवे केले तरी शेवटचे दोन रकाने वेगळ्या कागदावर जातात. 'एका पानात बसवा' म्हटले की अक्षर वाचता येत नाही. शिवाय वर्डमधल्या अहवालात हा तक्ता असलेले एकच पान आडवे हवे आहे, पण तसे करायला गेले की अख्खा अहवाल आडवा होतो.

या तिन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. निर्णय उलट्या क्रमाने घेतले जातात. आधी अक्षर लहान केले जाते, मग पान फिरवले जाते, आणि कागदाचे माप शेवटी, तेही प्रिंटर अडला तरच पाहिले जाते. खरा क्रम असा: आधी कागदाचे माप, मग उभे की आडवे, मग समास, मग रकान्यांची रुंदी आणि सर्वांत शेवटी टक्केवारी. या क्रमाने गेलात तर टक्केवारीला हात लावायची वेळ फारशी येत नाही.

ए-फोर कागद २१० × २९७ मिमीचा. एक्सेल सुरुवातीला देतो ते 'नॉर्मल' समास डावी-उजवीकडे १.७८ सेंमी आणि वर-खाली १.९१ सेंमी असतात. म्हणजे उभ्या पानावर मजकुराला १७.४४ सेंमी रुंदी मिळते, आडव्यावर २६.१४ सेंमी. आता तुमच्यासारख्या तक्त्याची बेरीज करू. अनुक्रमांक १.२, सदनिका १.५, सदस्याचे नाव ५, मागील बाकी २.२, देखभाल शुल्क २, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी आणि पाणीपट्टी प्रत्येकी १.८, पार्किंग आणि व्याज प्रत्येकी १.६, एकूण, जमा आणि बाकी प्रत्येकी २.२, शेरा ३. बेरीज ३०.१ सेंमी. आडव्या पानावर बारावा रकाना संपेपर्यंत २४.९ सेंमी होतात आणि तेरावा धरला की २७.१. एक्सेल रकाना मधोमध कापत नाही, अख्खाच पुढच्या पानावर ढकलतो. म्हणून 'बाकी' आणि 'शेरा' हे दोनच बाहेर पडतात.

ही बेरीज अंदाजाने करू नका. व्ह्यू टॅबमध्ये 'पेज लेआउट' दृश्य उघडा. त्या दृश्यात रकान्याची रुंदी अक्षरांच्या संख्येत न दिसता सेंटिमीटरमध्ये दिसते आणि तशीच भरताही येते. (इंच दिसत असतील तर ऑप्शन्समधल्या अॅडव्हान्स्ड विभागात मापाचे एकक बदलता येते.) नावाला ५ ऐवजी ४.२ आणि शेऱ्याला ३ ऐवजी २ सेंमी दिले की बेरीज २८.३ होते. समास 'नॅरो' केले तर ते डावी-उजवीकडे ०.६४ सेंमी होतात आणि आडव्या पानावर २८.४२ सेंमी जागा मिळते. अक्षर जराही लहान न करता तक्ता बसला. लांब नावांना 'रॅप टेक्स्ट' लावा, म्हणजे ती दोन ओळींत येतील. मथळे लांब असतील तर अल्ट + एंटर मारून ते आपल्या हाताने तोडा. 'दुरुस्ती निधी'चे दोन शब्द दोन ओळींत सहज बसतात, मग त्यासाठी रकाना रुंद का ठेवायचा?

मात्र कागद फाइलला लावायचा असेल तर ०.६४ सेंमी पुरत नाहीत. दोन भोकांच्या पंचिंग मशीनची भोके कागदाच्या कडेपासून साधारण १२ मिमी आत पडतात, म्हणून त्या बाजूला किमान २ सेंमी मोकळे सोडा. डावीकडे २ आणि उजवीकडे ०.६४ ठेवले तर २७.०६ सेंमी उरतात. २८.३ सेंमीचा तक्ता त्यात ९५ टक्क्यांवर बसतो आणि ११ पॉइंटचे अक्षर साडेदहाचे होते. वाचायला काहीही त्रास नाही. दुसरा मार्ग म्हणजे भोके वरच्या लांब कडेला पाडून वरचा समास २ ते २.५ सेंमी ठेवणे. मग रुंदी पूर्ण मिळते आणि फाइलमध्ये पाने खालून वर उलटत वाचायची. रकाने खूप असतील तर मी हाच मार्ग सुचवेन.

हजेरीपत्रकालाही हेच गणित लागू पडते. ३१ दिवसांचे रकाने प्रत्येकी ०.६ सेंमी म्हणजे १८.६, अनुक्रमांक १, नाव ५ आणि शेवटी हजर, रजा, एकूण यांना प्रत्येकी १.२. बेरीज २८.२. आडव्या ए-फोरवर नॅरो समासात हे जेमतेम बसते. उभ्या पानावर बसवायचा हट्ट धरला, तर दिवसाच्या चौकोनात सही सोडाच, 'ह'सुद्धा मावणार नाही.

उभे की आडवे हे ठरवताना एकच कसोटी पुरते: वाचणाऱ्याची नजर एका ओळीवर डावीकडून उजवीकडे अखंड जायला हवी आहे, की वरून खाली? हिशेब, हजेरी, पगारपत्रक, निकालपत्रक यांत एक ओळ म्हणजे एक माणूस. ती ओळ दोन कागदांवर तुटली तर तक्ता निरुपयोगी झाला, म्हणून आडवे. सदस्यांची नुसती यादी, पावत्यांची नोंद, सामानाची यादी अशा पाच-सहा रकान्यांच्या तक्त्याला आडव्या पानावर घालणे म्हणजे कागद वाया घालवणे. एक्सेलची नेहमीची ओळ १५ पॉइंट उंच असते. नॉर्मल समासात उभ्या ए-फोरवर अशा ४८ ओळी बसतात, आडव्यावर ३२. तीनशे ओळींची यादी उभ्या पानांवर ७ कागदांत संपते, आडव्यावर १० लागतात. मराठी मजकुरात 'मंगल' फॉन्टची ओळ मुळातच उंच असल्याने ओळी याहूनही कमी बसतात.

आता टक्केवारीबद्दल. छपाईच्या पडद्यावर खाली 'नो स्केलिंग' असे लिहिलेले असते. तिथे बहुतेक जण 'फिट शीट ऑन वन पेज' निवडतात आणि फसतात. त्याचा अर्थ सगळे रकाने आणि सगळ्या ओळी एकाच कागदात. शंभर-दोनशे ओळी असतील तर एक्सेल आज्ञाधारकपणे सगळे ठेचून बसवतो. तुम्हाला हवा असतो तो पर्याय 'फिट ऑल कॉलम्स ऑन वन पेज'. रुंदीला एक पान, उंचीला लागतील तितकी. पेज सेटअपमध्ये हेच 'फिट टू' म्हणून आहे: 'वाइड'समोर १ ठेवा आणि 'टॉल'समोरचा आकडा पुसून जागा रिकामी सोडा.

या सोयीच्या दोन मर्यादा लक्षात असू द्या. एक, ती फक्त लहान करते. तक्ता छोटा असेल तर पान भरेल असा मोठा करून देत नाही, त्यासाठी 'अॅडजस्ट टू'मध्ये १२० किंवा १३० असा आकडा हाताने भरावा लागतो. दोन, 'फिट टू' लावले की तुम्ही हाताने घातलेले पानतोड (पेज ब्रेक) दुर्लक्षिले जातात. प्रत्येक इमारतीचा हिशेब नव्या पानावर सुरू व्हावा म्हणून पानतोड घातले असतील आणि ते चालत नसतील, तर कारण हेच. अशा वेळी 'फिट टू'ने किती टक्के धरले ते पाहून घ्या आणि तोच आकडा 'अॅडजस्ट टू'मध्ये भरा. पानतोड परत कामाला लागतात.

किती टक्क्यांपर्यंत उतरावे? इंग्रजी अक्षर आणि आकडे ७ पॉइंटपर्यंत वाचता येतात. देवनागरीचे तसे नाही. शिरोरेघेच्या वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, शिवाय जोडाक्षरे. तितक्याच पॉइंटमध्ये मूळ अक्षराच्या वाट्याला कमी जागा येते. ८ पॉइंटच्या खाली 'किर्ती' आणि 'किती' यांतला रफार लेसर प्रिंटरवरही हरवतो, आणि त्याची झेरॉक्स काढली की संपलेच. म्हणून मूळ अक्षर ११ पॉइंट असेल तर मराठी तक्त्यासाठी ७५ टक्के हा शेवटचा थांबा माना. त्याच्या खाली जावे लागत असेल तर चूक टक्केवारीत नाही, कागदाच्या मापात आहे किंवा रकान्यांच्या संख्येत आहे. 'कोकिळा' फॉन्ट तर त्याच पॉइंटला 'मंगल' किंवा 'निर्मला'पेक्षा बराच बारीक दिसतो, त्याला ७५ टक्केही परवडत नाहीत.

तेव्हा ए-थ्री घ्या. ए मालिकेतल्या सगळ्या कागदांच्या बाजूंचे प्रमाण एकच, १ ला १.४१४. १९२२ साली जर्मनीत ठरलेले हे प्रमाण पुढे आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्याचा व्यवहारातला फायदा असा की दोन उभे ए-फोर शेजारी ठेवले की बरोबर एक आडवा ए-थ्री होतो, ४२० × २९७ मिमी. ए-थ्रीसाठी बेतलेला तक्ता झेरॉक्सच्या दुकानात ए-फोरवर घेतला तर तो ७१ टक्के होतो, म्हणजे ११ पॉइंटचे अक्षर ७.८ वर येते. कागदपत्रांना जोडायचा असेल तर ए-थ्रीच ठेवा आणि घडी घाला: डाव्या कडेपासून १२५ मिमीवर कागद उलट दिशेला, म्हणजे डावीकडे परत वळवा, आणि मग १०५ मिमीनंतर पुन्हा उजवीकडे. उरतात १९० मिमी. डावीकडची २० मिमी पट्टी मोकळी राहते, भोके तिथेच पडतात, घडीची रुंदी बरोबर २१० मिमी होते आणि फाइल न सोडता कागद उलगडता येतो.

कागदाच्या मापाच्या दोन खोड्या. पहिली 'लेटर'ची. संगणकाची प्रादेशिक सेटिंग अमेरिकेची राहिली असेल तर नवी फाइल २१६ × २७९ मिमीच्या लेटर कागदावर उघडते. उभ्या पानावर हे लक्षातही येत नाही. आडव्यावर मात्र ए-फोरपेक्षा १८ मिमी रुंदी कमी मिळते, म्हणजे हजेरीपत्रकातले बरोबर तीन दिवस. अमेरिकेतल्या नातेवाइकाने करून पाठवलेली फाइल इथे विचित्र तुटते किंवा इथली तिथे तुटते, ती यामुळेच. दुसरी 'लीगल'ची. प्रोग्रॅममधले लीगल २१६ × ३५६ मिमी असते, पण आपल्या बाजारात लीगल किंवा फुलस्केप म्हणून मिळणारा कागद पुष्कळदा २१५ × ३४५ मिमीचा असतो. ११ मिमीचा फरक खालच्या कडेला पडतो आणि पान क्रमांक किंवा सहीची ओळ जाते. रिमवरचे माप वाचा आणि तेच प्रिंटरमध्ये कस्टम माप म्हणून भरा. सर्वोच्च न्यायालयानेही १ एप्रिल २०२० पासून ए-फोर स्वीकारला आहे. कार्यालयाची सक्ती नसेल तर लीगलच्या वाटेला न गेलेले बरे.

एक्सेलमध्ये आणखी काही गोष्टी नेमक्या अडतात. 'फ्रीज पेन्स'ने गोठवलेला मथळा फक्त पडद्यावर गोठतो, छापताना तो दुसऱ्या पानावर येत नाही. त्यासाठी पेज लेआउट टॅबमधले 'प्रिंट टायटल्स' उघडून 'रोज टू रिपीट अॅट टॉप'मध्ये मथळ्याच्या ओळी निवडा. पहिल्या दोन ओळी असतील तर तिथे $१:$२ असे, आकडे इंग्रजी, दिसेल. तक्ता खरोखरच दोन पानांत मोडणार असेल तर त्याखालच्या 'कॉलम्स टू रिपीट'मध्ये नावाचा रकाना द्या, म्हणजे दुसऱ्या पानावरचे आकडे कोणाचे ते कळेल. ही खिडकी छपाईच्या पडद्यावरून उघडली तर या दोन्ही जागा निष्क्रिय दिसतात. तसेच एकापेक्षा जास्त शीट निवडलेली असतील तरीही. ती खराबी नव्हे. एकच शीट निवडा आणि पेज लेआउट टॅबमधून आत जा.

उभे-आडवे ही सेटिंग प्रत्येक शीटची स्वतंत्र असते. बारा महिन्यांची बारा शीट एकदम आडवी करायची तर पहिल्या शीटवर क्लिक करून, शिफ्ट दाबून शेवटच्यावर क्लिक करा आणि मग ओरिएंटेशन बदला. झाल्याबरोबर उजवे क्लिक करून 'अनग्रुप शीट्स' करायचेच. ते राहिले आणि तुम्ही एका चौकोनात आकडा भरला, तर तो बाराही महिन्यांत त्याच जागी भरला जातो. हिशेबात यासारखी दुसरी घातक चूक नाही, कारण पडद्यावर ती दिसत नाही.

शेवटी कोरी पाने निघत असतील तर कंट्रोल + एंड दाबा. कर्सर तक्त्याच्या कितीतरी बाहेर गेला तर तिथे एखादी टाइप झालेली स्पेस, चौकट किंवा रंग राहून गेला आहे. ते रकाने आणि ओळी डिलीट करून फाइल सेव्ह करा, किंवा हवा तेवढा भाग निवडून 'सेट प्रिंट एरिया' द्या. तक्त्याऐवजी पूर्ण आडव्या पानावर नुसता आलेखच आला, तर छापताना तो आलेख निवडलेला होता. पडद्यावर दिसणारा आकडा कागदावर ##### झाला, तर रकाना अगदी घट्ट आहे. छापताना अक्षरांची रुंदी किंचित बदलते, म्हणून आकड्यांच्या रकान्यात एका अंकाची जागा सैल ठेवा.

गूगल शीट्समध्ये हे सोपे आहे. कंट्रोल + पी, कागद ए-फोर, लँडस्केप (आडवे), स्केलमध्ये 'फिट टू विड्थ'. गोठवलेल्या ओळी तिथे प्रत्येक पानावर छापता येतात, 'हेडर्स अँड फूटर्स' विभागात त्याची खूण आहे. लिब्रऑफिस कॅल्कमध्ये फॉरमॅट, पेज स्टाइल, शीट या मार्गाने स्केलिंगचा रुंदी-उंचीचा पर्याय घ्या, रुंदी १ पान आणि उंची रिकामी.

आता अहवाल. वर्डमध्ये उभे-आडवे हे पानाला नव्हे, 'सेक्शन'ला लागते. फाइलमध्ये एकच सेक्शन असेल तर एक पान आडवे करणे म्हणजे सगळीच आडवी करणे. तक्त्याच्या आधी कर्सर ठेवून लेआउट टॅबमधल्या 'ब्रेक्स'मधून 'नेक्स्ट पेज' हा सेक्शन ब्रेक घाला, तक्त्यानंतर तोच पुन्हा घाला, मग कर्सर तक्त्यात ठेवून ओरिएंटेशन लँडस्केप करा. नुसता कंट्रोल + एंटरचा पानतोड इथे चालत नाही, गफलत बहुधा तिथेच होते. छोटा मार्गही आहे: तक्ता पूर्ण निवडा, पेज सेटअपची खिडकी उघडा, लँडस्केप निवडा आणि खाली 'अॅप्लाय टू'मध्ये 'सिलेक्टेड टेक्स्ट' करा. दोन्ही ब्रेक वर्ड स्वतः घालतो.

पुढे कधी 'ही विचित्र ठिपक्यांची रेघ कशाला' म्हणून ब्रेक पुसू नका. सेक्शनची मांडणी त्याच्या शेवटी असलेल्या ब्रेकमध्ये साठवलेली असते. तो पुसला की आधीचा मजकूर पुढच्या सेक्शनची मांडणी घेतो. म्हणून आडव्या तक्त्याच्या आधीचा ब्रेक गेला की मागची सगळी उभी पाने आडवी होतात. झालेच तर लगेच कंट्रोल + झेड. ब्रेक दिसत नसतील तर कंट्रोल + शिफ्ट + ८.

पान फिरवल्यावर वर्ड समासही फिरवतो. डावीकडे बांधणीसाठी ३.५ सेंमी सोडले असतील तर आडव्या पानावर ती जागा बांधणीच्या कडेलाच राहिली आहे ना, हे पाहून घ्या. एका बाजूने छापून डावीकडे बांधायच्या अहवालात आडव्या तक्त्याचे डोके बांधणीकडे असावे, म्हणजे वाचणारा पुस्तक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून तक्ता वाचतो. हेडर-फूटर आडव्या पानावर सरकलेले दिसतात, कारण त्यातले मध्य आणि उजवा टॅब उभ्या पानाच्या रुंदीला बेतलेले असतात. आडव्या सेक्शनमध्ये आणि त्यानंतरच्या सेक्शनमध्येही 'लिंक टू प्रीव्हियस' बंद करा आणि मगच टॅब हलवा, नाहीतर एकीकडची दुरुस्ती दुसरीकडे बिघाड करते. पान क्रमांक १ पासून सुरू झाला तर 'फॉरमॅट पेज नंबर्स'मध्ये 'कंटिन्यू फ्रॉम प्रीव्हियस सेक्शन' घ्या.

प्रबंधात पान क्रमांक सगळीकडे कागदाच्या त्याच जागी, खाली मध्यभागी हवा असतो. उभ्या पानाची खालची कड ही आडव्या पानाची डावी कड. म्हणून आडव्या सेक्शनच्या हेडरमध्ये टेक्स्ट बॉक्स घाला, तो डाव्या कडेच्या मध्यावर आणा, त्यात पान क्रमांक टाका आणि 'टेक्स्ट डायरेक्शन'मधून ९० अंशांत फिरवा. बांधल्यावर तो इतर पानांसारखाच सरळ दिसतो.

दोन्ही बाजूंनी छापताना कागद कोणत्या कडेवर उलटायचा ते वेगळे सांगावे लागते. उभ्या पानांना 'लाँग एज'. आडवी पाने डावीकडे स्टेपल करून पुस्तकासारखी उलटायची असतील तर 'शॉर्ट एज', आणि वरच्या कडेला नाडी बांधून भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी उलटायची असतील तर 'लाँग एज'. उभी-आडवी मिसळलेला अहवाल लाँग एजवरच ठेवा आणि आडव्या सेक्शनचा ब्रेक 'ऑड पेज' प्रकारचा घ्या, म्हणजे तक्ता नेहमी उजव्या हाताच्या पानावर येईल. पन्नास प्रतींची आज्ञा देण्याआधी एक उभे आणि दोन आडवी पाने काढून हातात धरून पाहा.

प्रिंटरच्या स्वतःच्या प्रॉपर्टीजमध्येही लँडस्केप असते. तिथे हात लावू नका. कागद प्रिंटरमधून जातो तसाच जातो, फिरवली जाते ती प्रतिमा, आणि ती एक्सेल किंवा वर्डने फिरवावी. प्रिंटरची सेटिंग त्या संगणकापुरती असते, फाइलबरोबर जात नाही.

झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्हवर एक्सेलची फाइल नेऊ नका. तिथे तुमचा फॉन्ट नसेल, त्यांच्या प्रिंटरप्रमाणे रकाने पुन्हा तुटतील. घरीच पीडीएफ करा, प्रत्येक पान डोळ्यांखालून घाला. दुकानदाराला ओरिएंटेशन 'ऑटो' आणि माप 'अॅक्च्युअल साइज' ठेवायला सांगा. 'फिट' ठेवले तर तुम्ही आधीच ९५ टक्के केलेला तक्ता प्रिंटरच्या कडा सोडून आणखी आक्रसतो.